दाब सोडू नकोस

सिस्टरांच्या घरात मी अडीच वर्षं राहिले आणि त्या अडीच वर्षांत एकदाही निवांतपणे कांदा चिरला नाही. मी सुरी हातात घेतली की भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "बोटं आत वळव." मध्ये नऊ इंची भिंत होती. त्यांना काही दिसत नव्हतं. नुसत्या टकटक आवाजावरून त्यांना कळायचं म्हणे, की कापणारीची बोटं पुढे आहेत का मागे. मी एकदा मुद्दाम बोटं वळवून, अगदी हळू चिरला. तरी आवाज आलाच, "सुरी बोथट हाय. बोथट सुरीनं जास्त कापतं."

संगमनेरच्या आमच्या कॉलनीत त्या सगळ्यांच्याच सिस्टर होत्या. नोकरी सरकारी नर्सची. बहुतेक वर्षं शेवगाव-पाथर्डीकडच्या खेड्यांतल्या उपकेंद्रांत गेली, शेवटची बदली संगमनेर तालुक्यात झाली आणि निवृत्तीनंतर त्या इथेच राहिल्या. खाली त्या आणि मी, वर गोरख नावाचा दूध संघात दूध तपासणारा एक जण. सिस्टरांनी लग्न केलं नव्हतं. का, असं कुणी विचारलं तर "रजा शिल्लक नव्हती" म्हणायच्या. बोलणं एरवी सरकारी कागदासारखं नीटनेटकं असे, पण राग आला किंवा घाई झाली की थेट शेवगावची भाषा सुरू व्हायची. आणि राग त्यांना दिवसातून चारपाच वेळा तरी यायचा.

खोली बघायला गेले तेव्हा मी तीन दिवस गावभर फिरून दमले होते. कॉलेजात तासिका तत्त्वावर वनस्पतीशास्त्र शिकवायला लागले होते आणि जिथे जाईन तिथे घरमालक आडनाव विचारत, गाव विचारत, रात्री किती वाजता येणार ते विचारत. सिस्टरांनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी मला ओट्याजवळ उभं केलं आणि म्हणाल्या, "इथं दूध तापवताना हात भाजला. काय करशील?"

"टूथपेस्ट लावीन," मी म्हणाले.

"मग दुसरी खोली बघ."

मला वाटलं गंमत करतायत. त्यांनी दार उघडून धरलं होतं. मी बाहेर आले, रस्त्यावर उभी राहून चिडले, आणि दुसऱ्या दिवशी पाठ करून परत गेले. वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं. बर्फ नाही, हळद नाही, तूप नाही, शाई नाही. फोड आला तर फोडायचा नाही. नंतर स्वच्छ कापड सैलसर झाकायचं.

"हातात बांगड्या असल्या तर?"

हे मी वाचलं नव्हतं.

"सूज यायच्या आत काढायच्या. अंगठी पण. मागून कापून काढायला लागते." त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. "पुढच्या महिन्यात परत विचारीन."

आणि विचारलं. दर महिन्याला विचारलं. मी एम.एस्सी. झालेली बाई, वर्गात साठ पोरांपुढे उभी राहणारी, आणि दर एक तारखेला त्यांच्या ओट्याजवळ उभी राहून नाकातून रक्त आलं तर मान मागे टाकायची का पुढे, याचं उत्तर देत असे. पुढे. पुढे वाकवायची, नाकाचा मऊ भाग चिमटीत दाबून धरायचा, तोंडानं श्वास घ्यायला सांगायचं. मला हे अजून झोपेतही सांगता येतं आणि त्याचाही मला राग येतो.

रविवारी सकाळी अंगणात तालीम असे. गोरख कायम बेशुद्ध. त्याला ते काम आवडायचं, कारण आठवड्याची झोप पुरी व्हायची. अंगणात चटईवर तो खरंच झोपायचा आणि घोरायचा. "बघ," सिस्टर मला म्हणायच्या, "बेशुद्ध माणूस असा घोरला तर झोपलाय म्हणून सोडून जायचं नाही. जीभ मागं पडलेली असते. कुशीवर घे." मग मी त्या पंच्याऐंशी किलोच्या माणसाचा एक हात बाजूला, दुसरा गालाखाली, गुडघा उभा, असं करत त्याला कुशीवर वळवत असे. एकदा फाटकातून माझ्याच वर्गातली दोन पोरं हे बघत उभी होती. सोमवारी फळ्यावर कुणीतरी चटईचं चित्र काढून ठेवलं होतं. मी सिस्टरांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पुढच्या रविवारी त्यांनापण आण."

बाहेर जाताना त्यांच्या खांद्याला रेक्झिनची एक जुनी पिशवी असे. तीत जुन्या सुती साड्यांचे उकळून, वाळवून, इस्त्री केलेले चौकोनी तुकडे, पांढऱ्या कापडाच्या तिकोनी पट्ट्या, कात्री, साबणाची वडी. भाजी बाजारात भेंडीवाल्याच्या बोटाला मळकी चिंधी दिसली की संपलं. त्याला खाली बसवायचं, चिंधी सोडायची, साबणानं धुवायचं, पट्टी बांधायची. मागे गिऱ्हाइकं खोळंबायची, भेंडीवाला "अहो आक्का, एवढंसं तर लागलंय" म्हणत राहायचा, आणि मी दोन्ही हातांत पिशव्या धरून उन्हात उभी. "घाई पायांनी करायची, हातांनी न्हाई," हे त्यांचं वाक्य. पाय पण त्या कुठे घाईनं उचलत असत, हा भाग वेगळा.

कॉलनीतल्या लोकांची समजूत अशी होती की त्यांचं जवळचं कुणीतरी वेळेवर मदत न मिळाल्यानं गेलं असणार, म्हणून बाई अशी. मलाही तसंच वाटे. एकदा धीर करून विचारलं.

"कुणी मेलं न्हाई माझं," त्या म्हणाल्या. "आई म्हातारी होऊन गेली, भाऊ धडधाकट हाय. लोकांना प्रत्येक गोष्टीमागं एक मढं लागतं. मला गलिच्छ काम बघवत न्हाई, एवढंच. तुला कुणी चुकीचं पान दाखवून कडुलिंब म्हणलं तर चालतं का?"

"नाही चालत. पण मी त्याला रस्त्यात बसवून ठेवत नाही."

"म्हणून तर त्यांना कडुलिंब कळत न्हाई."

त्यांचं बोलणं लोकांना लागायचं, ही खरी अडचण होती. शेजारच्या सुनीताचा धाकटा मुलगा सायकलवरून पडला आणि तिनं त्याच्या गुडघ्याला तंबाखू भरली, तेव्हा सिस्टरांनी भर गल्लीत तिला असं काही सुनावलं की ती रडत घरात गेली. मी त्यांच्यामागे त्यांच्या खोलीत गेले. एवढी चिडले होते की बसले पण नाही.

"तुम्ही असं बोललात ना, तर पुढच्या वेळी ती पोराला लागलेलं लपवून ठेवेल. मग तुमचं सगळं ज्ञान काय करायचं?"

 दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी आठच्या ठोक्याला त्या सुनीताच्या दारात उभ्या राहायला लागल्या. पोराची पट्टी बदलायच्या, निघून यायच्या. जखम भरेपर्यंत गेल्या. चुकलं म्हणून एक शब्द बोलल्या नाहीत. सुनीतानंच एक दिवस त्यांच्यापुढे चहाचा कप धरला आणि त्यांनी उभ्याउभ्या पिऊन टाकला.

माझी आई मला भेटायला आली तेव्हा असाच चहाचा प्रश्न आला. आमचं गाव अकोले तालुक्यातलं, शेतकऱ्याचं घर. आई दुपारच्या एसटीनं आली, सिस्टरांच्या हॉलमध्ये टेकली. समोर शोकेसमध्ये बुद्धाची पितळी मूर्ती होती. आईनं ती बघितली, मग माझ्याकडे बघितलं. सिस्टर कप घेऊन आल्या.

"न्हाई वो बाई," आई म्हणाली, "आज चतुर्थी हाय माझी. पानी पन घेत न्हाई मी."

सिस्टरांच्या मागे भिंतीवर कालनिर्णयासारखं मोठं कॅलेंडर टांगलेलं होतं. चतुर्थी होऊन आठवडा झाला होता. त्यांनी वळून कॅलेंडर बघितलं आणि कप तसाच आत नेला. दुसऱ्यांदा विचारलं नाही. मी तिथेच होते. मी हातातली आईची पिशवी कुठे ठेवू असं विचारलं, याखेरीज तोंड उघडलं नाही.

आई गेल्यावर संध्याकाळी सिस्टर पट्ट्यांना इस्त्री करत बसल्या होत्या. मी काहीतरी सारवासारव करायला गेले. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "पस्तीस वर्षं खेड्यांत काढली मी. रक्त वाहत असताना कुणी जात विचारली न्हाई. टाके सुकले की विचारायचे. ती पट्टीची घडी चुकलीय, परत घाल."

मी घडी परत घातली.

मग माझ्या चुलतबहिणीचं लग्न आलं. कार्यालय संगमनेरातच, नाशिक रस्त्यावर. घरमालकीण म्हणून शिष्टाचाराची पत्रिका दिली. त्या येणार नाहीत असं मला वाटलं होतं. त्या आल्या. नवी कोरी पांढरी साडी, आणि खांद्याला ती पिशवी.

अक्षता पडल्या, पंगती बसायला लागल्या आणि माझे धाकटे चुलते, नाना, जेवणाच्या रांगेजवळ धाडकन पडले. हातपाय झटकायला लागले, तोंडाला फेस आला. नानांना लहानपणापासून फिट येते हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, आणि उपचारही सगळ्यांना माहीत होता. एकानं पाय दाबून धरले, एकानं छातीवर हात दिला, कुणी चमचा आणायला पळालं दातांत घालायला. आचाऱ्यानं बुक्कीनं कांदा फोडला. नवरीचे थोरले मामा, डोक्याला गुलाबी फेटा, त्यांनी पायातली चप्पल काढून नानांच्या नाकाला लावली.

"सोडा त्याला," सिस्टरांचा आवाज आला. "सगळ्यांनी सोडा."

"अहो बाई, बाजूला व्हा," मामा म्हणाले. "आमच्या घरचा मानूस हाय, आमाला म्हाईत हाय."

सिस्टरांनी त्यांच्या हातातली चप्पल घेतली आणि कार्यालयाच्या दारातून बाहेर भिरकावली. मग मामांच्या डोक्यावरचा फेटा उचलला, त्याची चुंबळ केली आणि आपटणाऱ्या डोक्याखाली सरकवली. हे इतकं सहज झालं की मामांना आपला फेटा गेल्याचं उशिरा कळलं. मला मात्र लगेच कळलं. मला वाटलं जमिनीनं मला पोटात घ्यावं. लग्नघर, मानाचा मामा, आणि माझी घरमालकीण.

चमचा घेऊन आलेल्याला त्यांनी नुसत्या नजरेनं परत पाठवलं. जवळची खुर्ची लांब सारली. घड्याळ बघत उभ्या राहिल्या. "धरायचं न्हाई. थांबवता येत न्हाई ते. आपोआप थांबतं. पाच मिनिटांच्या वर गेलं तरच पळापळ करायची." मग माझ्याकडे वळून, "बायकांना पाठ करून उभं कर. तमाशा हाय का हा?"

मी मावश्या, काकू, करवल्या, सगळ्यांना नानांकडे पाठ करून गोल उभं केलं. त्यात माझी आईपण होती. दोन मिनिटांनी झटके थांबले. सिस्टरांनी नानांना कुशीवर वळवलं, तोंड पुसलं, शर्टाचं वरचं बटण सोडलं. नानांनी डोळे उघडले तेव्हा त्यांची पँट ओली झाली होती. त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी परत डोळे मिटून घेतले. सिस्टरांनी खुर्चीवरची चादर ओढून त्यांच्या कमरेवर टाकली आणि मोठ्यानं म्हणाल्या, "काय झालेलं न्हाई. पंगत बसवा. जिलेबी गार होतेय." लोक पांगले. त्या नानांशेजारी जमिनीवर बसून राहिल्या, त्यांच्या कानाशी हळूहळू बोलत. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. एवढ्या हळू त्या बोलू शकतात हेच मला माहीत नव्हतं.

मामा एका चपलेवर हिंडत सगळ्यांना सांगत होते, "चपलेनंच उतरली. बाईनं फेकायच्या आधी एक हुंगा आत गेला हुता." सिस्टरांनी हे ऐकलं. त्यांचा चेहरा असा झाला की मी मध्ये जाऊन उभी राहिले.

थोड्या वेळानं आई ताट घेऊन आली. स्वतः वाढून आणलं होतं तिनं, जिलेबी, मसालेभात, मठ्ठ्याची वाटी. सिस्टरांपुढे धरलं. "जेवून घ्या बाई. सकाळपासून तसंच हायसा."

सिस्टरांनी ताटाकडे बघितलं, मग आईकडे.

"आज माझी चतुर्थी हाय," त्या म्हणाल्या.

आईच्या हातात ताट तसंच राहिलं.  मला वाटलं आता आई चिडेल, नाहीतर रडेल. तिनं यातलं काही केलं नाही. ताट खुर्चीवर ठेवलं आणि म्हणाली, "मग पानी तरी घ्या."

सिस्टर थांबल्या. मग हात पुढे केला. तांब्याभर पाणी त्यांनी पुरं प्यायलं आणि तांब्या आईच्या हातात परत दिला.

 रिक्षानं परत येताना मी म्हणाले, "माझ्या आईला तुम्ही असं बोलायला नको होतं."

"व्हय," त्या म्हणाल्या. "मी नको हुतं. तू बोलायला हवं हुतं."

 त्या रात्री न जेवता झोपले, आणि त्याचाही राग त्यांच्यावरच काढला.

मार्चमध्ये कॉलेजच्या परीक्षा सुरू होत्या आणि मी दुपारी घरी पेपर तपासत होते. हॉलमधून काच फुटल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. ओरडण्याचा आवाज नाही, म्हणून मला वाटलं नुसती काच फुटली. दोन मिनिटांनी हाक आली, "इकडं ये. चप्पल घालून ये."

शोकेसची सरकती काच पुसताना निसटली होती. सिस्टर भिंतीला टेकून उभ्या होत्या. उजवा हात वर धरला होता, डाव्या हातानं मनगट आवळलं होतं, आणि बोटांमधून रक्त खाली कोपरापर्यंत आणि तिथून फरशीवर. मी दारातच थांबले. सव्वादोन वर्षांची दर महिन्याची परीक्षा, पन्नासएक रविवार, आणि माझे पाय हलेनात.

"उभी काय राहिलीस. मला आधी बसव. पडले तर डोकं पण फुटेल."

मी त्यांना बसवलं. पिशवी आणली. चौकोनी कापड घडी करून मनगटावर ठेवलं आणि दाबलं.

"काच आत राहिलीय का बघितलीस?"

मी कापड उचलून बघितलं. काच नव्हती. परत दाबलं. कापड लाल झालं. थांबलं का, म्हणून परत उचलून बघायला गेले.

"बघू नको," त्या ओरडल्या. "बघितल्यानं रक्त थांबत न्हाई. भिजलं तर त्याच्यावरच दुसरं ठेव. पहिलं काढायचं न्हाई. हात वर धर. दोन्ही हातांनी. दाब सोडू नकोस."

दुसरं ठेवलं. तेही भिजलं. फोन त्यांनीच डाव्या हातानं अँब्युलन्सला लावला. ती लांबच्या कुठल्याशा गावाला गेली होती, यायला वेळ लागेल म्हणाले. मी खिडकीतून सुनीताला हाका मारल्या. ती पिठाच्या हातानं धावत आली, बघितलं, आणि एक शब्द न विचारता रिक्षा आणायला पळाली.

तेव्हा सिस्टर अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "माझ्या कपाटात वरच्या खणात गोळ्यांचं पाकीट हाय. ते संगं घ्यायला सांग तिला."

"कसल्या गोळ्या?"

"रक्त पातळ ठेवायच्या. वर्ष झालं. छातीत दुखलं हुतं."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. माझी बोटं आखडली होती, ओढणी रक्तानं भरली होती, आणि मला त्या क्षणी त्यांना हलवून विचारावंसं वाटलं. "वर्ष झालं? हे तुम्ही आत्ता सांगताय मला?"

"तू विचारलं न्हाईस. पेशंटला विचारायचं असतं, कोणत्या गोळ्या चालू हायत."

रिक्षात मी त्यांचा हात माझ्या खांद्याच्या उंचीवर धरून बसले. सुनीता पलीकडून त्यांना सावरून. बाजाराचा दिवस होता. उसाची ट्रॉली चौकात आडवी अडकलेली, मागे सगळं तुंबलेलं. सुनीता खाली उतरून लोकांना बाजूला करायला लागली. सिस्टरांचा चेहरा राखेसारखा झाला होता. कपाळावर घाम. त्या बोलायच्या थांबल्या होत्या, आणि त्या बोलत नाहीत ही गोष्ट मला रक्तापेक्षा भयंकर वाटली.

"सिस्टर, माझ्याकडे बघा. हात भाजला तर काय करायचं?"

डोळे अर्धे मिटलेले.

"सिस्टर. भाजलं तर काय करायचं? टूथपेस्ट लावायची ना?"

काही नाही. ड्रायव्हर ट्रॉली मागे घेत होता, सुनीता त्याच्यावर ओरडत होती. मी परत विचारलं, मोठ्यानं, रिक्षावाला दचकला एवढ्या मोठ्यानं. "टूथपेस्ट लावू का?"

"वीस मिनिटं," त्या पुटपुटल्या. "पानी. गाढवे."

मला एवढं बरं वाटलं की मी रडायला लागले. पण हात काढता येत नव्हते, म्हणून नाक तसंच गळत राहिलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी माझी बोटं एकेक करून सोडवली. मला ती आपणहून उघडता येईनात. गोळ्यांचं पाकीट बघून त्यांनी भुवया वर केल्या, भराभर सूचना दिल्या, आणि जाताजाता मला म्हणाले, "कोणी शिकवलं तुम्हाला? असा दाब धरला नसता तर अवघड होतं." मी स्ट्रेचरकडे बोट दाखवलं. स्ट्रेचरवरून आवाज आला, "दुसरं फडकं उशिरा ठेवलं तिनं. आणि डॉक्टर, ते हातमोजे बदला, दाराच्या कडीला लागलेत."

त्या वाचल्या. हात वाचला, पण पुरता नाही. बोटांकडे जाणारी एक नस कापली गेली होती. ऑपरेशन झालं, पुढे व्यायाम झाले, तरी अंगठा आणि शेजारची दोन बोटं मुठीत येईनात आणि त्यांना स्पर्शही कळेना. सिस्टर तासन्‌तास कात्री त्या बोटांत अडकवून बसायच्या. कात्री खाली पडायची. त्या उचलायच्या. मी मदतीला गेले की म्हणायच्या, "तुझे पेपर झाले का तपासून?" सुनीता डबा आणून द्यायची, त्यात मीठ जास्त असल्याचं त्या तिला न चुकता सांगायच्या. रविवारची तालीम सुरूच होती. आता पट्टी बांधायचं काम गोरखकडे गेलं, आणि तो बिचारा डाव्या-उजव्या सूचनांनी इतका घाबरायचा की परत बेशुद्ध व्हायची परवानगी मागायचा.

मे महिन्यातली सकाळ. मी निघायच्या गडबडीत होते. दारात सिस्टर उभ्या. डाव्या हातात कंगवा आणि खोबरेल तेलाची बाटली. त्यांचे केस मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितले. लांब, पांढरे, आणि दोन महिने एका हातानं रबर लावून लावून पार गुंता झालेला.

"जरा वेणी घालशील का," त्या म्हणाल्या. त्या काही मागतायत हे कळायला मला वेळ लागला.

त्या पाठ करून खाली बसल्या. मी मागे पलंगावर. टोकाकडून गुंता सोडवायला सुरुवात केली. एक बट सुटली की दुसरी. दुखत असणार, पण त्या हलल्या नाहीत.

"शेवटची कधी कुणी घातली होती वेणी?" मी विचारलं, काहीतरी बोलायचं म्हणून.

"आईनं. नर्सिंगला जायच्या दिवशी. स्टँडवरच घातली, एसटी लागलेली असताना." मी पुढची बट सोडवायला घेतली तेव्हा म्हणाल्या, "त्यानंतर मीच सगळ्यांना हात लावत आले. मला कुणी लावायची वेळ आली न्हाई. आणि हळू नको करूस असं. मी काय काचेची हाय का? ओढून घाल."

मी ओढून घातली. बाहेर दुधाची गाडी येऊन गेली. कॉलेजातल्या उन्हाळी वर्गाचा माझा पहिला तास सुरू होऊन गेला होता. सिस्टरांनी एकदाही चूक काढली नाही, आणि त्या तशा बसलेल्या असताना मला त्यांच्या मानेवरची बारीक नस हलताना दिसत होती, शांत, एका लयीत.

वेणी झाली. त्यांनी डावा हात मागे नेऊन ती चाचपून बघितली, मानेपासून टोकापर्यंत. मला वाटलं, आता निघणार काहीतरी. त्या उठल्या, कंगवा घेतला. तेलाची बाटली माझ्या खिडकीत ठेवली आणि दारात पोहोचल्यावर, पाठमोऱ्याच म्हणाल्या,

"राहू दे ती इथंच. रोज ने-आण कशाला."